चाळीस नंबर हलवायचा नाही

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात एकच घड्याळ होतं, बाबांचं, गजराचं. बाबा रेल्वेत गँगमन, तिगावच्या बाजूला त्यांची ड्युटी, आणि त्या घड्याळाच्या गजरावर आमच्या घरातली चूल पेटायची. सातवीत असताना मी ते उघडलं. उघडताना फार मजा आली, बंद करताना तीन चाकं उरली. बाबांनी पाठीत दोन धपाटे घातले. मायनं सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की ही पोरगी सासरी गेली तर सासूलाही उघडून पाहील. सगळे हसले. माझी थोरली बहीण, ताई, तेवढी हसली नाही. तिनं ती तीन चाकं उचलून कंपासपेटीत ठेवून दिली आणि कोणाला काही बोलली नाही. ती तशीच होती. घरात बोलायचं काम माझ्याकडे आणि गप्प राहायचं तिच्याकडे.

अशा मुलीला पुढं टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून घेतलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच दिलं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, सुरुवातीसुरुवातीची. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेव्हा आमच्याकडच्या फोनला नंबर फिरवायची तबकडीसुद्धा नव्हती. बाजूला एक दांडी असायची. दांडी फिरवली की इकडे एक्स्चेंजातल्या बोर्डावर त्या फोनच्या भोकावरची इवलीशी पत्री खट्‌कन खाली पडायची. मग आम्ही त्या भोकात दोरीचं एक टोक खुपसायचं, विचारायचं, "बोला, कोण पाहिजे?" आणि दुसरं टोक पाहिजे त्या भोकात खुपसून घंटी द्यायची. बोर्ड म्हणजे भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाखाली नंबर. संपलं. अख्ख्या गावाचं बोलणं आपल्या दोन हातांतून जातं, याचा मला पहिले सहा महिने एवढा अभिमान होता की मी घरीसुद्धा मान ताठ ठेवून जेवायची.

सौसरला मी पहिल्यांदा गेले ते बदली ड्युटीवर, महिनाभरासाठी. तिथला एक ऑपरेटर आजारी रजेवर होता. दुसरे होते मोठे बाबू. निवृत्तीला आलेले, जाड चष्मा, पायाखाली कायम एक चौघडी घातलेलं पोतं, आणि वीस-बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. पहिल्याच सकाळी एक पत्री पडली. मी दोरी लावली. तिकडून माणूस म्हणाला, मामाकडे लावा. मी विचारलं, कोणाच्या मामाकडे? त्याला रागच आला. सौसरात काय पन्नास मामा हायेत का, म्हणाला. मोठ्या बाबूंनी माझ्या हातातून दोरी घेतली, चौसष्टमध्ये खुपसली, आणि मला समजावलं की मामा म्हणजे किराणावाला, सगळ्या गावाचा मामा, आणि तो यादीत एकोणीस नंबरवर आहे पण बोर्डावर चौसष्टवर आहे.

मी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. टाइप केलेली, चौकटीत बसवलेली, साहेबाची सही असलेली यादी. एकोणीस, किराणा. मग बोर्डावर चौसष्ट कसं?

झालं, माझी खोड जागी झाली. दिवसभर मी मोठ्या बाबूंचं डोकं खाल्लं. त्यातून कळलं ते असं. बोर्डाचं एखादं भोक बिघडलं, पत्री अडकली, आतली पितळी जीभ झिजली, की लाइनमनदादा त्या घरची तार तिथून सोडवून जवळच्या कोणत्याही रिकाम्या भोकावर कथलाचा डाग देऊन झाळून द्यायचा. दहा मिनिटांचं काम. मग तोंडातलं पान सांभाळत मोठ्या बाबूंना सांगायचा, मामा चौसष्टवर. मोठे बाबू मान हलवायचे. झाली नोंद. यादी तशीच्या तशी. साठ-सत्तर फोनांपैकी निम्मे आपल्या नंबरावर नव्हतेच, आणि ते कुठे आहेत हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं. त्यात भर म्हणजे त्यांना माणसांच्या वेळाही पाठ. डॉक्टर अकरापर्यंत दवाखान्यात, मग औषधाच्या दुकानात गप्पा मारायला, चारनंतर संत्र्याच्या बगीच्यात. बगीच्यात फोन नाही, पण शेजारच्या आरागिरणीत आहे, तिथून हाक मारली की येतात. लोक नंबर सांगतच नसत. नाव सांगायचे, नातं सांगायचे, आणि मोठे बाबू बरोबर जागी नेऊन पोचवायचे. मला हे सगळं जादूसारखं वाटलं. खरं सांगते, वेड लागल्यासारखी मी पाहत बसायची.

सगळ्या सौसरात नंबरानं ओळखली जाणारी एकच बाई होती. आम्ही तिला सिस्टरबाई म्हणायचो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, विधवा, एकटी, बुद्धविहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंतच्या किती बायका तिच्या हातावर मोकळ्या झाल्या याचा तिनं हिशेब ठेवला नव्हता. आधी तिच्याकडे फोन नव्हता. निरोप यायचा तो बाजारातल्या एका घरी. बाळंतपणाला ती त्या घरच्या आतल्या खोलीपर्यंत चालायची, पण फोन आला की तिला ओसरीवर थांबवायचे आणि खिडकीतून रिसीव्हर बाहेर द्यायचे. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत, आणि मला मात्र ऐकून अंगाचा तिळपापड झाला. म्हणून तिनं स्वतःच्या घरी फोन घ्यायचा चंग बांधला. अर्ज केला, वर्षानुवर्षं वाट पाहिली, खेटे घातले. शेवटी फोन आला तेव्हा तिनं साहेबांकडे एकच हट्ट धरला, मला चाळीस नंबर द्या.

का, तर चाळीस शेरांचा मण. कापूस वेचणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या तोंडी अजून मणच होता, किलो नंतर आला. त्यांना कागदावर नंबर लिहून देऊन काय उपयोग? सिस्टरबाई पोटुशी बाई तपासायची आणि सांगून ठेवायची, वेळ आली की पोस्टात जायचं, म्हणायचं, सौसरचा मणाचा नंबर लावा. लोधीखेड्याच्या पोस्टातल्या बाबूंना ते माहीत झालं होतं. ते आम्हाला चाळीस मागायचे. शेतमजुरी करणाऱ्या बायांनी लक्षात ठेवलेला तो आमच्या भागातला पहिला टेलिफोन नंबर असावा असं मला वाटतं.

आता ताईचं सांगते. ताई लोधीखेड्याला दिली होती. भाऊजींची थोडी संत्र्याची झाडं, थोडा कापूस, माणूस शांत, तिच्यासारखाच. मी सौसरला बदलीवर गेले तेव्हा ताईला आठवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, पांढुर्ण्याला व्हायचं ठरलेलं. होळी झाली की आणू, असं माय म्हणत होती. होळी झाली, आणि तीन दिवसांनी, आणायच्या आधीच, दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. भाऊजी पोस्टाकडे धावले. फोन लागला नाही. मग कोणाची तरी सायकल घेऊन सौसरला निघाले. सिस्टरबाई घरीच होती, ती तशीच उठून आली, पण तोवर फार उशीर झाला होता. ताई वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

फोन लागला नाही, हे वाक्य तेव्हा आमच्याकडे कोणी उलटून विचारत नसे. पाऊस आला, बस चुकली, फोन लागला नाही. मीही विचारलं नाही. मी, जिनं घड्याळ उघडलं, जिनं मोठ्या बाबूंचं डोकं खाल्लं, तिनं एवढं एकच विचारलं नाही, की त्या दुपारी बोर्डावर कोण होतं. आम्ही दोघंच होतो, कधी ते, कधी मी. मी मनाशी धरून चालले की ते असतील. बदलीचा महिना संपला, मी पांढुर्ण्याला परत आले.

वर्षभरानं मी स्वतः अर्ज करून सौसर मागून घेतलं. घरी सांगितलं की ताई जवळ राहील. खरं कारण मला आज सांगता येतं, तेव्हा आलं नसतं. मला त्या बोर्डाच्या आत पाहायचं होतं.

मोठे बाबू सहा-सात महिन्यांत निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या डोक्यातला बोर्ड त्यांच्याबरोबर घरी जाणार होता. मी शंभर पानांची वही घेतली आणि त्यांच्या शेजारी बसून एकेक भोक विचारायला सुरुवात केली. एक, कापडवाले, आता सातवर. दोन, रिकामं. तीन, पोलीस ठाणं, तिथंच. त्यांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग पुन्हा गंमत वाटली. असं करत आम्ही चाळीसवर आलो.

"चाळीस रिकामं," मोठे बाबू म्हणाले. "सिस्टरबाई तेविसावर."

मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, झालं की वर्ष, गेल्या वर्षीच्या होळीच्या आधी पत्री अडकली होती, तेव्हा लाइनमननं तार हलवली. होळीच्या आधी. म्हणजे ताईच्या वेळी चाळीसवर कोणीच नव्हतं. चाळीसवर घंटी दिली तर ती कोणाच्याच घरी वाजणार नव्हती. मोठ्या बाबूंनी दोरी लावली असती तर त्यांनी डोळे मिटून तेविसात लावली असती. चाळीसात लावेल असं तिथं एकच माणूस होतं, भिंतीवरची यादी वाचणारं. निम्मी यादी खोटी आहे हे कळूनही, नंबरानंच ओळखलं जाणारं चाळीस हललं असेल असं माझ्या मनात आलंच नव्हतं.

लागले नाहीत अशा फोनांची आम्ही एका डायरीत नोंद करायचो. जुनी डायरी कपाटात होती. ती काढायला मला तीन दिवस लागले. कपाटाला कुलूप नव्हतं, हातच जात नव्हता. शेवटी दुपारी बोर्ड शांत असताना काढली. होळीनंतरचा तिसरा दिवस. लोधीखेडा, चाळीस, उत्तर नाही. खाली पुन्हा, लोधीखेडा, चाळीस, उत्तर नाही. पुन्हा एकदा. तीन ओळी, आणि तिन्ही माझ्या अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. मला ते तीन फोन आठवलेसुद्धा नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच नाही. नेहमीची दुपार असणार.

मी मोठ्या बाबूंवर तुटून पडले. वडिलांच्या वयाचा माणूस, पण मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गावाचा जीव असा डोक्यात कोंबून ठेवतात का, यादी कशाला टांगली आहे मग, शोभेला? मोठे बाबू हळूच म्हणाले, की तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. बस, एवढंच. त्यांनी डायरी माझ्या हातातून घेतली, पान पाहिलं, तारीख पाहिली, खालची सही पाहिली. माझी बहीण लोधीखेड्याला आहे आणि तिचं काय झालं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी डायरी मिटली, कपाटात सगळ्यात खाली ठेवली आणि वरून जुने कागद रचले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या वहीला कंटाळा केला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी लाइनमनदादाच्या मागे लागले. बोर्डाच्या मागच्या बाजूला काय आहे ते मला दाखव, म्हणून. दादा भला माणूस, पण बाईमाणसानं पक्कड हातात घ्यावी हे त्याला पटत नव्हतं. माझी शाळा कायले घेऊन राहिली बाई, म्हणायचा. मी त्याला रोज चहा पाजला. पाचव्या दिवशी त्यानं मागचं दार उघडलं.

आत पाहिलं आणि मी सगळं दुःख विसरले, हे कबूल केलं पाहिजे. दोन भिंती उभ्या होत्या, माणूसभर उंचीच्या. डाव्या अंगाला गावातून येणाऱ्या तारा, घराघराच्या, रांगेनं येऊन थांबलेल्या. उजव्या अंगाला बोर्डाची भोकं, प्रत्येकामागे तार झाळायचा एक खिळा, तीही रांगेनं. आणि दोघांच्या मध्ये नुसता गुंता, हात-दोन हात लांबीच्या तारांचा, झिंज्या विस्कटलेल्या पोरीच्या डोक्यासारखा. या मधल्या तारेला जम्पर म्हणायचे. मी एक जम्पर बोटानं धरून इकडून तिकडे नेला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. घरून येणारी तार हलत नाही. बोर्डावरचं भोक हलत नाही. हलतो तो मधला जम्पर. म्हणजे नंबर काही फोनला जन्मतः चिकटलेला नसतो. नंबर म्हणजे बोर्डावरची एक जागा, आणि त्या जागेवर कोण बसेल हे दादाच्या पक्कडीवर आहे.

मग मी विचारलं, दादा, पत्री बिघडली तर माणसाला कशाला हलवायचं, पत्रीच का नाही बदलायची? एक्क्याण्णव रिकामं पडलं आहे, त्याची पत्री काढून चाळीसला बसवता येते ना? दादा म्हणाला, येते. मग करत का नाहीस? म्हणाला, त्याले अर्धा दिवस लागते, अन हे दहा मिनिटात होते. इतकं सरळ उत्तर होतं. कोणाची दुष्टाई नव्हती त्यात. अर्धा दिवस आणि दहा मिनिटं, एवढाच फरक, आणि गावात कोणाला कधी त्रास झाला नव्हता, कारण मोठे बाबू होते.

तो अर्धा दिवस आम्ही एका रविवारी काढला. दादानं एक्क्याण्णवची पत्री उतरवली, चाळीसला बसवली, सिस्टरबाईचा जम्पर तेविसावरून सोडवून चाळीसवर झाळला. मी शेजारी दिवा धरून उभी. मी चाळीसात दोरी घालून घंटी दिली. तिकडून सिस्टरबाई म्हणाली, कोण व? मी म्हणाले, मी, सहज. तिनं विचारलं, सहज काहून, कोणाच्या पोटात दुखून राहिलं का? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले नाही, आणि दोरी काढली.

मला वाटलं, झालं काम. कुठलं काय. दिवाळीच्या सुमारास कापसाची धांदल सुरू झाली आणि एका सकाळी सिस्टरबाई स्वतः एक्स्चेंजात आली, छत्री आपटत. तिचं म्हणणं, माझ्या फोनवर दोन दिवसांपासून कापसाचे भाव ऐकू येतात. फोन वाजतो, मी उचलते, तर पलीकडे दोन माणसं आधीच भांडत असतात. आणि काल रामाकोन्याच्या एका सुनेला किती कळा येतात हे मी विचारत होते, तर मधेच एक पुरुष खाकरला.

मी मागचं दार उघडलं. चाळीसच्या खिळ्यावर दोन जम्पर. एक सिस्टरबाईचा, दुसरा कापसाच्या जिनिंग कारखान्याचा. जिनिंगचं भोक बिघडलं होतं, दादानं ते चाळीसवर टाकलं. मी त्याला धरलं. तो गोंधळून गेला. म्हणाला, चाळीस तर खाली हाये ना? वर्षभर त्याच्या डोक्यात चाळीस रिकामं होतं, आणि डोक्यातलं खोडायला रबर नसतं. तिथं आधीच एक तार आहे हे त्यानं पाहिलं, पण जुनी मेलेली असेल असं समजून तिच्यावरच झाळलं. सिस्टरबाईला सगळं समजावून सांगितल्यावर ती एवढी हसली की खुर्चीत बसावं लागलं. तो जिनिंगचा मुनीम बिचारा, म्हणाली, त्यानं दोन दिवसात काय काय ऐकलं असेल! मला हसू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सिस्टरबाईला जागा देऊन भागत नाही, ती जागा रिकाम्या जागांतून काढूनही टाकावी लागते. नाही तर कोणीतरी भल्या मनानं ती पुन्हा देऊन टाकतो.

ताईला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पाचवा महिना. हे दुसरं बाळंतपण, म्हणजे सासरीच होणार, लोधीखेड्याला. आणि ते पोस्टातल्या त्याच फोनवर अवलंबून.

त्या आठवड्यात मी रिकाम्या भोकांची यादी केली, फक्त रिकाम्यांची, आणि मागच्या दारावर आतून टांगली. दादाला सांगितलं, तार हलवायची असेल तर यातलंच भोक घ्यायचं, घेतलं की इथंच खोडायचं. चाळीस त्या यादीत नव्हतं. शिवाय माझ्याकडे लाल नेलपॉलिश होती, ती चाळीसच्या पुढच्या भोकाला आणि मागच्या खिळ्याला लावली. दादा म्हणाला, आता पावडरबी लावा. पण त्यानं ऐकलं. मोठ्या बाबूंनी निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी एक पुठ्ठा घेतला, त्यावर आपल्या वळणदार हिंदीत लिहिलं, "४० नहीं हिलेगा", आणि बोर्डाच्या वर स्वतः खिळा ठोकून लावला. खाली सही केली नाही. बाकीचे फोनही आम्ही हळूहळू आपापल्या नंबरावर आणले, मामा धरून, पण तो आमचा हौसेचा भाग. चाळीस मात्र मी रोज सकाळी ड्युटीवर आल्या आल्या वाजवून पाहायची. सिस्टरबाई कंटाळून गेली. शेवटी ती फोन उचलून माझं काही न ऐकताच म्हणायची, जित्ती हाये, ठेव.

मनात मी एक चित्र पक्कं करून ठेवलं होतं. ताईचा फोन येईल, मी बोर्डावर असेन, मी स्वतः दोरी लावेन, आणि मागचं सगळं फिटेल. त्यासाठी मी शेवटचे दोन महिने सुट्टी घेतली नाही. तापात ड्युटी केली. आणि नेमकं, माणसानं ठरवावं आणि देवानं हसावं म्हणतात तसं, बाबा कामावर रुळाजवळ पडले, पाय मोडला, आणि मला दोन दिवसांसाठी पांढुर्ण्याला जावं लागलं. माझ्या जागी छिंदवाड्याहून एक तरुण ऑपरेटर आला. सौसर पहिल्यांदाच पाहत होता. मराठी अर्धवट, गावात कोणी ओळखीचं नाही, मामा माहीत नाही, डॉक्टरांच्या वेळा माहीत नाहीत, सिस्टरबाई हा शब्दही ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोधीखेड्याहून फोन आला, चाळीस द्या. त्यानं चाळीसात दोरी घातली. घंटी दिली. सिस्टरबाईनं उचलला. संत्र्यांचा एक ट्रक नागपूरकडे निघाला होता, तो तिनं रस्त्यात उभं राहून थांबवला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेली. दुपार व्हायच्या आत ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. छिंदवाड्याच्या त्या पोराला मी नंतर विचारलं, लोधीखेड्याचा चाळीसचा फोन आठवतो का? तो म्हणाला, नाही, बरेच फोन होते. मी त्याला चहा पाजला. का ते त्याला कळलं नाही.

बाबांच्या पायाला प्लास्टर घालून झाल्यावर मी तशीच बसनं लोधीखेड्याला गेले. ताई खाटेवर, कानाला फडकं बांधलेली, खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा वास. बाळ झोपलेलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, भाऊजी बाहेर गोठ्यात. मी बाळाला पाहिलं आणि मला हात लावता येईना. इतके महिने पोटात ठेवलेलं बाहेर आल्याशिवाय मी या पोरीला उचलू शकत नाही, हे मला एकदम कळलं.

"ताई," मी म्हणाले, "मागच्या वेळी त्या दुपारी बोर्डावर..."

"तू होती," ताई म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही. पोस्टातल्या बाबूंनी भाऊजींना तेव्हाच सांगितलं होतं, सौसरला कोणी पोरगी बसली आहे, तीन-तीनदा घंटी देते, थांबा पुन्हा पाहते म्हणते, उचलत नाहीत हो म्हणते. त्या महिन्यात सौसरला कोणती पोरगी बसली होती हे ताईला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे डायरी मी उघडली त्याच्या वर्षभर आधीपासून तिला माहीत होतं. त्यानंतर मी कितीदा या घरात जेवले, कितीदा तिच्या शेजारी झोपले, राखीला, दिवाळीला, बाजाराला. मी बोर्डाच्या गोष्टी सांगायची, पत्री, जम्पर, नेलपॉलिश, आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. मी विचारलं, मग एवढे दिवस बोलली काहून नाही.

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती," ताई म्हणाली.

मी खाटेच्या काठावर डोकं ठेवून रडले, लहानपणी धपाटे खाल्ल्यावर रडायची तशी, आवाज करून. ताईनं मला रडू दिलं. मग हात धुऊन यायला सांगितलं, आणि मी धुऊन आल्यावर मुलगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.